एका बादलीतले अभ्यंगस्नान

दिवाळी आली की घराघरांतून साफसफाईचे वारे वाहू लागते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पितळेच्या समया चिंचेने उजळतात, गाद्यांना ऊन दाखविले जाते. त्याच्या तीन आठवडे आधी दसऱ्याला दारातल्या मोटारीचीही वर्णी लागून गेलेली असते. तिला आपण घासून-पुसून न्हाऊ घालतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि हळदकुंकू वाहून मोठ्या समाधानाने मागे सरून पाहतो. गाडी कशी लखलखीत दिसते!

पण वाचकहो, त्या गाडीच्या पोटात जे पाणी खेळते, त्याची विचारपूस तुमच्यापैकी कितीजणांनी केली असेल? लाजू नका. मीही केली नव्हती. चौदा वर्षांच्या आमच्या गाडीला बाहेरून मेण लावून चकाकी आणण्यात मी पटाईत होतो. आतून तिला काय पाजतो आहोत याचा विचार मात्र कधी शिवला नाही. त्याचे प्रायश्चित्त गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, लोह्याच्या पुढच्या चढावर, भर दुपारी घ्यावे लागले.

त्याचे असे झाले. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लातूरला ठरली होती. लातूरला माझी थोरली बहीण, आमची अक्का, असते. आईला विश्रांतीसाठी लेकीचे घर बरे, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखान्यात हजर व्हायचे होते. निघायचे पहाटे ठरले होते, पण आमच्या घरातली पहाट अकरा वाजता उजाडते! नांदेड सोडले तेव्हा ऊन चांगलेच कडकले होते. नांदेड गोदाकाठी खाली, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर. दोहोंत अडीचशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक आहे. रस्ता आता रुंद आणि छान झाला असला, तरी गाडीला तो चढ चढावाच लागतो. त्यात आम्ही पाच माणसे, आईचे अंथरूण-पांघरूण, आणि अक्कासाठी दोन पायल्या ज्वारी!

लोहे मागे पडले आणि तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. मी एसी बंद केला. काटा जुमानीना. पाहता पाहता तो लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट उसळला. गाडी कडेला घेऊन एका लिंबाच्या झाडाखाली उभी केली. आमचे चिरंजीव कॉलेजात शिकतात, म्हणजे त्यांना सगळे ठाऊक असते. त्यांनी बॉनेट उघडले, पंचा ओला केला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

एवढ्यात मागून आलेला एक मालमोटारीचा ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, "ओ पोरा! हात लावू नको! तोंड भाजून घेशील!"

चिरंजीवांचा हात थबकला. त्या भल्या माणसाचे नाव विचारायचेही आम्हाला सुचले नाही, पण त्या दिवशी माझ्या मुलाचे डोळे त्याने वाचवले, असे मी आजही मानतो. ज्या दिवशी आईच्या डोळ्यांसाठी निघालो, त्याच दिवशी!

ही गोष्ट आपल्या घरच्या बायकांना चटकन पटेल. प्रेशर कुकर गॅसवरून उतरवल्या-उतरवल्या कोणी झाकण उघडते का? मोटारीची थंड करण्याची व्यवस्था ही हुबेहूब कुकरच आहे. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळते. पठारावर त्याहून थोडे आधीच. ते उकळू नये म्हणून रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला आढळतो, तो या दाबाचा. त्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण काढले की दाब एकदम जातो, आणि आतले पाणी क्षणार्धात उकळून वाफेसकट तोंडावर येते. म्हणून झाकणाला हात लावायचा तो गाडी पूर्ण निवल्यावर, म्हणजे रेडिएटरला तळहात सहज टेकवता येईल तेव्हाच. या लेखातले बाकीचे सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

त्या लिंबाखाली आम्ही दीड तास काढला. बेचाळीस अंशांचे ऊन, आई सत्तरीच्या पलीकडची. ती घामाने भिजून गेली, मग घाम येईनासा झाला, तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. सौ. तिला ओल्या पदराने वारा घालीत होती. आमच्याजवळ पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या. आईला पाजायच्या की गाडीला, हा प्रश्नच नव्हता. पण तो मनात आला, याची अजून लाज वाटते. अखेर मालमोटारवाल्याने आपल्या कॅनमधले पाणी दिले, निवालेल्या गाडीत ते थोडे थोडे घातले, आणि "हीटर पूर्ण चालू ठेवा, काचा उघडा, चाळीसच्या वर जाऊ नका," असे बजावले. मे महिन्यात हीटर! पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातली थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. भट्टीत बसल्यासारखे आम्ही कसेबसे अहमदपूर गाठले, आईला तिथून एस.टी.ने पुढे धाडले, आणि गाडी टेंपोवर लादून नांदेडला परत आणली. आईची शस्त्रक्रिया थकव्यामुळे आठवडाभर पुढे गेली.

नांदेडला आमचे एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी झाकण काढले, आत बोट घातले आणि ते बोट माझ्यापुढे धरले. त्यावर तांबूस चिखल होता. मग फाटलेला रबरी पाइप सोडवून त्याचे तोंड दाखविले. आतून पांढरट कडक कवच, अगदी गिझरच्या कॉइलवर धरते तसे.

"साहेब, पाणी कुठलं घालता?" उस्तादांनी विचारले.

"कुठलं म्हणजे? बोअरचं. सोसायटीत दुसरं कुठलं येतं?"

"आणि कूलंट?"

मी गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने कूलंट बदलल्याचे बिल लावले होते खरे. पण डब्यात हिरवा रंग दिसला, यापलीकडे मी काही पाहिले नव्हते. त्याआधी तर लातूरच्या मुक्कामात दाजींच्या बोअरचेच पाणी सर्रास घातले होते.

उस्ताद हसले. म्हणाले, "माणूस विसरतो साहेब, गाडी काही विसरत नाही. जे पाणी पाजाल ते ती जपून ठेवते."

या वाक्यात सारे शास्त्र आले. आपला मराठवाडा काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. त्या खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी जाताना चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेते. बोअर जितकी खोल, तितके पाणी बहुधा जड. हेच जड पाणी तापले की क्षार बाहेर पडतात आणि सर्वांत तापलेल्या जागी चिकटून बसतात. पितळेच्या बंबात, गिझरमध्ये, चहाच्या पातेल्यात आपण तो थर पाहतोच. इंजिनात तो दिसत नाही, एवढाच फरक. शिवाय निव्वळ पाण्याने लोखंड गंजते आणि ॲल्युमिनियम झिजते. तो गंज सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो.

आणि तिथे अडकणे परवडणारे नाही. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बरीचशी धुराच्या नळीतून जाते, आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप ते पाणी फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाचा लहानसा पडदा वाट अडवून धरतो आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो. मग पाणी रेडिएटरच्या नळ्यांतून वाऱ्यावर निवते आणि परत फिरते. ही फेरी थांबली की इंजिनाचे डोके तापून वाकते, गॅस्केट जाते, आणि मग खर्चाचा आकडा ऐकून मालकाचे डोके तापते!

पाणी आणि मोटार यांची ही सांगड मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन गृहिणी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी गेली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास तो हाच. त्या गाडीतले पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून बाईंना वाटेत जागोजाग थांबून पाणी भरून घ्यावे लागे. पुढे १९०१ च्या मर्सिडीझ गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर बनविला आणि थोडक्या पाण्यात इंजिन निववण्याची सोय झाली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फिएट आणि नंतरची पद्मिनी आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. तिच्या डिकीत पाण्याचा डबा हा असायचाच. साधे पाणी ओतायचे आणि पुढे जायचे, ही आपली सवय त्या दिवसांची. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. चोंदले तर मिस्त्री वरची टाकी सोडवून नळ्यांतून पातळ पट्ट्या फिरवीत आणि पुन्हा डाख लावून देत. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. ते असे उघडता येत नाहीत. गाडी बदलली; सवय मात्र आपण जुनीच ठेवली.

उस्तादांनी त्या वेळी पाइप, झाकण आणि थर्मोस्टॅट बदलून गाडी चालती करून दिली. म्हणाले, "आता गावातल्या गावात फिरवा. गॅरेजलाच सध्या टँकर येतो, पोटभर धुवायला पाणी नाही. पाऊस पडू द्या, मग सवडीने तीन-चार वेळा धुऊन काढा. घरीसुद्धा जमेल. लिहून देतो." आणि त्यांनी खरोखरच बिलाच्या पाठीमागे लिहून दिले. शिवाय रेडिएटर गळत नाही, इंजिनाच्या तेलात पाणी मिसळून ते दुधाळ झालेले नाही, हेही तपासले. ही तपासणी आधी हवीच. गॅस्केटच गेले असेल, तर धुऊन काय होणार? आणि फार गंजलेल्या जुन्या रेडिएटरची भोके कित्येकदा त्या गंजानेच बुजलेली असतात. धुतल्यावर ती उघडी पडतात. अशा गाडीला मिस्त्रीच बरा.

पाऊस पडला. दिवाळी आली. भाऊबीजेला अक्काकडे जायचेच होते. पाडव्याच्या पहाटे, या खेपेला खरोखरच्या पहाटे, थंड वेळी निघून काट्यावर नजर ठेवीत आम्ही लातूर गाठले. मी दाजींना माझा बेत सांगितला : "उद्या सकाळी अंगणात गाडीचा रेडिएटर धुणार. नळी तेवढी द्या."

दाजींचा चेहरा पडला. "नळी? किती वेळ चालवणार?"

"अर्धा तास. गॅरेजमध्ये स्वच्छ पाणी येईपर्यंत चालवतात."

दाजी काही बोलले नाहीत. पण लातूरच्या माणसासमोर अर्धा तास नळी सोडण्याची गोष्ट काढणे म्हणजे काय, हे मला त्यांच्या गप्प बसण्यातून समजले. ज्यांनी २०१६ चा उन्हाळा या गावात काढला, त्यांना पाणी या शब्दाचा अर्थ निराळा लागतो. मांजरा धरण आटले होते. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. मग १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची वाट तुडवीत पाण्याची आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली; एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याला नेऊन वाफेने आतून धुऊन घेतल्या होत्या. ज्यातून पाणी जायचे ते पात्र आधी स्वच्छ हवे, हा नियम रेल्वेलाही चुकला नाही.

"तेव्हा आमच्या दारी टँकर आला की मी बादल्या मोजायची," अक्का म्हणाली. "अजून मोजते. सवयच लागली."

माझा बेत तिथेच मोडणार होता. पण अक्काने उस्तादांचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि विचारले, "एकूण पाणी मावतं किती रे तुझ्या गाडीत?"

"सहा लिटर. पण खालची तोटी उघडली की चारच निघतं. दोन लिटर इंजिनात अडकून राहतं."

"मग अर्धा तास नळी कशाला? टँकरच्या दिवसांत आम्ही धुणं कसं धूत होतो? एका बादलीत एकदाच बुचकळून साबण निघत नाही. तीच बादली तीन ठिकाणी वाटून घ्यायची, दर वेळी कपडा पिळायचा. तिसऱ्या पाण्याला साबणाचा वासही उरत नाही."

वाचकहो, मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मळके पाणी सोडले की आत एक-तृतीयांश उरते. चार लिटर नवे घालून गाडी चालवली की मळाचा जोर तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसऱ्यांदा चार लिटर घातले की तोही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे, सुरुवातीचे पाणी सोडून दिल्यावर तीन वेळा धुतले, की आतल्या पाण्यात मूळ मळ सत्तावीस भागांत एक भाग, शेकडा चारच्याही आत! आणि पाणी लागले किती? बारा लिटर. एक बादलीसुद्धा नाही. उलट, नळीची आणखी एक गंमत उस्तादांनी मागाहून सांगितली : गाडी थंड असली की थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे नळीचे पाणी नुसते रेडिएटरमधून वाहून जाते, इंजिनातला मळ जागच्या जागी. पाणीही गेले आणि मळही राहिला.

आता कोणते पाणी, हा प्रश्न. अक्काकडे शुद्धिकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी बादलीत साठवून फरशीला वापरतात. ते चालेल का? मुळीच नाही, गाळून काढलेले क्षार त्यातच जास्त असतात. बोअरचे तर नाहीच. पण २०१६ नंतर दाजींनी गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत घेण्याची सोय केली होती. पावसाचे पाणी मऊ. दोन पदरी फडक्यातून गाळून घेतले आणि पहिल्या दोन धुण्यांना तेच वापरले. तिसऱ्या धुण्याला आणि शेवटच्या भरणीला बाजारातून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणला. सगळे मिळून तेरा लिटर. अक्काच्या बादलीत बसले!

कृती अशी. गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करायची. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, धूर जीवघेणा असतो. हातब्रेक ओढायचा. गाडी रात्रभर निवालेली असावी. खाली रुंद घमेले ठेवून आधी झाकण काढायचे, मग रेडिएटरच्या तळाची तोटी हलक्या हाताने सोडायची. ती प्लॅस्टिकची असते, जोर केला की तुटते. तोटी नसेल तर खालच्या पाइपाची क्लिप सैल करायची. सारे पाणी घमेल्यात घ्यायचे. बाजूचा पांढरा डबा सोडवून जुन्या बाटलीच्या ब्रशाने आतून घासायचा. मग तोटी लावून चार लिटर पाणी भरायचे, झाकण बसवायचे, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचे. वरचा पाइप हाताला गरम लागला आणि पंखा एकदा फिरून थांबला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून पाणी सगळीकडे फिरले असे समजावे. विजेचा पंखा एकाएकी फिरू लागतो, तेव्हा पदर, पंचा, बोटे दूर. मग इंजिन बंद आणि स्वस्थ बसायचे. निवायला दोन-तीन तास लागतात. घाई केली तर भाजते, आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतले तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. म्हणून हे काम दिवसभराचे. सकाळच्या फराळाला पहिले पाणी, जेवणानंतर दुसरे, संध्याकाळच्या चहाला तिसरे!

पहिले पाणी विटकरी निघाले. दुसरे ताकासारखे. तिसरे जवळजवळ नितळ.

चिरंजीवांनी मध्येच सुचविले, "बाबा, गिझर आपण लिंबूसत्त्वाने साफ करतो, तेच घालू या ना." कल्पना चुकीची नव्हती, आम्लाने चुन्याचा थर सुटतो खरा. पण इथे भांडे ॲल्युमिनियमचे आहे. प्रमाण चुकले, किंवा आम्ल आत राहून गेले, तर थराबरोबर धातूही खाल्ला जातो. तेजाब तर कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी घालू नये. थर फारच जाड असेल, तर रेडिएटरसाठी मिळणारे तयार औषध, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे आणि मिस्त्रीच्या सल्ल्याने वापरावे.

शेवटच्या भरणीतही एक हिशेब आहे, बरे का. आत दोन लिटर साधे पाणी उरलेलेच असते. तेव्हा पाणी मिसळून विकतात ते तयार कूलंट घातले तर ते पातळ होते. म्हणून आम्ही दाट कूलंट आणले. तीन लिटर ते, वर उरलेले एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. सहा लिटरांत बरोबर निम्मे-निम्मे. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, मग कूलंट कशाला, असे कोणी विचारील. ते उकळण्याची मर्यादा वाढवते आणि त्यातली औषधे गंज धरू देत नाहीत, ही दोन कामे मराठवाड्यातही लागतात. झाकण उघडे ठेवून थोडा वेळ इंजिन चालवले, वरचा पाइप हलकेच दाबला, हवेचे बुडबुडे निघून गेले, कमी झालेले भरले आणि झाकण लावले. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत डब्यातली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना, ते पाहिले.

आता या साऱ्यातली सर्वांत महत्त्वाची घटना सांगतो. दुपारी मी जरा लवंडलो होतो. घमेल्यातले पहिले पाणी अंगणात तसेच होते. लातूरच्या घरात वापरलेले पाणी गटारात जात नाही; ते झाडाला जाते. त्या चांगल्या सवयीप्रमाणे दाजींनी घमेले उचलले आणि ते जास्वंदीकडे निघाले. शेजारची गाय-वासरे सकाळपासून त्या जास्वंदीपाशीच घोटाळत होती. चारच दिवसांपूर्वी वसुबारसेला अक्काने त्यांची पूजा केली होती.

"दाजी, थांबा!" मी एवढ्या जोराने ओरडलो की आतून सगळी मंडळी बाहेर आली.

कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, आणि पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करणारे विष. कुत्रे, वासरू, रांगते मूल यांना ती गोडी कळते, विष कळत नाही. म्हणून जुने कूलंट आणि धुण्याचे पाणी झाडाला, गटारात, रस्त्यावर कुठेही ओतायचे नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहून, जुने कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यायचे. सांडलेले लगेच पुसायचे. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आमचे तिन्ही धुण्यांचे कॅन आम्ही उस्तादांकडे पोचते केले.

दाजी घमेले धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पाणी वाया घालवायचं नाही, एवढंच शिकलो होतो. कुठलं पाणी झाडाला द्यायचं नाही, हे आज कळलं."

आणखी दोन-चार गोष्टी सांगून पुरे करतो. कूलंट किती दिवसांनी बदलायचे ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पाहा. जुन्या पद्धतीचे साधारण दोन वर्षांनी, दीर्घ मुदतीचे पाच वर्षांपर्यंत किंवा अधिक. रंगावर विसंबू नका. हिरवे, गुलाबी, नारिंगी असे रंग कारखानदार आपल्या मर्जीने देतात, आणि निरनिराळ्या जातीची कूलंटे एकत्र केली तर त्यांचा गाळ होऊ शकतो. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, डब्यातली पातळी पाहा. ती वारंवार उतरत असेल तर भरत बसू नका, गळती शोधा. लांबच्या वाटेला डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली गाडीसाठी ठेवा, आणि माणसांसाठी त्याच्या चौपट पाणी. अडल्या वेळी प्यायचे पाणी गाडीत घालावे लागले तर घाला, पण घरी आल्यावर ते काढून टाका. आणि विजेवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांतही बॅटरी निववणारे असेच द्रव खेळते. तिथे मात्र घरी हात न घालता कारागिराकडेच जावे.

त्या संध्याकाळी ओवाळणी झाली. आई बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिली. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने तिने वाकून तो धुतलेला डबा निरखला. आतले हिरवे पाणी दोन रेघांच्या मध्ये स्वच्छ दिसत होते.

"माझ्या डोळ्यासारखंच झालं म्हण की हिचं," ती म्हणाली. "सारा मळ साठत होता, आणि आपण म्हणत होतो, वयच झालं!"

यंदाच्या मे महिन्यात आईला तपासणीसाठी पुन्हा लातूरला नेले. तेच ऊन, तोच चढ, तीच पाच माणसे. त्या लिंबाच्या झाडापाशी मी मुद्दाम गाडी हळू केली. काटा मधोमध, जागचा हलला नव्हता. आई मागे खिडकीला टेकून शांतपणे झोपली होती.

या दिवाळीत घर झाडून झाले, फराळ झाला, की एक दिवस गाडीसाठी काढा. नळी नको. एक बादली पुरते.